परसातली पाखरं, पाण्यातले रंग

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



साळुंकी ओळखता ना? दारात रोज येते, दाणे टिपते, भांडते. मग एक सांगा बघू, तिचे पाय कोणत्या रंगाचे असतात? आणि डोळ्याभोवती काय असतं? आठवत नसलं तर वाईट वाटून घेऊ नका. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे आपण पाहतच नाही. साळुंकीचे पाय पिवळे, चोच पिवळी आणि डोळ्याभोवती पिवळी उघडी कातडी असते. एकदा कागदावर काढलंत की हे जन्मभर विसरणार नाही. म्हणूनच आज परसातल्या पाखरांची चित्रं जलरंगात कशी काढायची, ते बोलू.

“मला कुठे चित्र येतं?” असं लगेच म्हणू नका. भिंतीवर टांगायला चित्र काढायचं नाहीये. जे दिसलं ते खरं उतरवायचं आहे. रांगोळीत ठिपके जुळवणारा हात हेही शिकतो.

आधी सामान. एक साधी वही आणि एचबी किंवा २बी पेन्सिल. रंगांसाठी मुलांच्या दप्तरातली जलरंगांच्या वड्यांची पेटी चालेल. ब्रश दोनच घ्या, एक सहा नंबरचा आणि एक दोन नंबरचा, टोक नीट जुळणारे. कागदावर मात्र थोडे पैसे घाला. चित्रकलेच्या वहीतला पातळ कागद पाण्याने सुरकुततो. दुकानात ३०० जीएसएमचा जाड कागद मागा आणि एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करा. रंग कालवायला पांढरी बशी, पुसायला जुनं सुती कापड आणि पाण्याचे दोन पेले ठेवा. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घालायचं.

आता बसायचं कुठे? पाखरामागे धावू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत, जरा अंधारात बसा. बाहेर सावलीत उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. दोन-चार दिवसांत पाखरं येऊ लागतील. सकाळी ती जास्त हालचाल करतात. भाजी निवडताना, दूध तापेपर्यंत, अशी दहा मिनिटं पुरतात.

पाखरू स्थिर बसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. म्हणून एका पानावर एकच चित्र काढायचा हट्ट सोडा. पाच-सहा अर्धवट आकृत्या काढा. पाखरू हललं की ती सोडून दुसरी सुरू करा. थोड्या वेळाने ते पुन्हा पहिल्यासारखं बसतं, तेव्हा पहिली पुढे न्या.

सुरुवात एका रेघेने करा. चोचीपासून शेपटीपर्यंत पाखरू किती तिरकं बसलंय, तेवढंच त्या रेघेत दिसू द्या. बुलबुल ताठ बसतो, होला आडवा. शिंपी शेपटी वर उभारतो. या रेघेवर अंगासाठी अंड्याचा आकार आणि डोक्यासाठी छोटा गोल काढा. मग चोच, आणि चोचीच्या मागे, किंचित वर डोळा. डोळा जागेवर बसला की चित्र जिवंत वाटतं.

पायाशी बहुतेकींची गडबड होते. पाखराचा जो सांधा आपल्याला मागे वळलेला दिसतो, तो गुडघा नाही, तो घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. त्यामुळे पाय अंड्याच्या मधूनच निघालेला दाखवायचा आणि बोटं अंगाच्या भाराखाली यायला हवीत. नाहीतर पाखरू पुढे पडेल असं वाटतं. चालही बघून ठेवा. चिमणी टुणटुण उड्या मारते, साळुंकी पावलं टाकत चालते.

आता रंग. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद, एवढं लक्षात ठेवा. पांढरं जिथे हवं तिथे रंग लावायचाच नाही. आधी फिकट, मग गडद, हा क्रम. गडदावरून फिकट करता येत नाही.

चिमणीची मादी घेऊ. पोटासाठी मातकट पिवळा रंग भरपूर पाण्यात पातळ करा, ताकाच्या निवळीइतका, आणि एका हाताने पसरवा. तो पूर्ण वाळू द्या. ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की डाग पडतात. वाळल्यावर पाठीला तपकिरी रंग, त्यात निळ्याचा एक थेंब. डोळ्यामागची फिकट भुवई तशीच सोडा. तो थर वाळला की दोन नंबरच्या ब्रशने पाठीवरच्या गडद रेघा ओढा. एकेक पीस मोजत बसू नका, पिसांचे गट दाखवा. शेवटी डोळा भरा आणि त्यात मोहरीहून लहान कोरा ठिपका राखा. नजर त्या ठिपक्याने येते.

कावळ्यासाठी नुसता काळा लावू नका, तो कोळशासारखा मृत दिसतो. गडद निळा आणि तपकिरी मिसळून काळा करा. मानेला राखाडी ठेवा.

आणि एक विनंती. मादी काढायला विसरू नका. चिमणा काळ्या गळ्याने उठून दिसतो. दयाळाचा नर काळाभोर-पांढरा, मादी राखाडी. शिंजीर नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, मादी हिरवट-पिवळी. चित्रांत सगळीकडे नरच दिसतात. पण साध्या रंगाकडे नीट पाहिलं की त्यात किती छटा सापडतात, ते मादीच शिकवते. घरट्याजवळ दिसणारी बऱ्याचदा तीच असते.

घरट्याबद्दलही सांगते. चित्रासाठी त्याच्याजवळ जाऊ नका, फांदी बाजूला करू नका. आईबाप घाबरून दूर राहिले की पिल्लं उपाशी राहतात आणि कावळ्याला वाट सापडते. लांबून दिसेल तेवढंच काढा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही पाखरांना संरक्षण आहे.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि पाखरू कुठे बसलं होतं ते लिहा. जास्वंदीवर, शेवग्यावर, मोरीच्या पाण्याशी. नाव माहीत नसलं तर जागा मोकळी सोडा. वर्षभराने पानं उलटली की गोष्टी उलगडतात. विणीचा हंगाम संपला की शिंजीर नराचा झगमगाट उतरतो, तो जवळजवळ मादीसारखा दिसतो आणि गळ्या-छातीवर फक्त एक गडद पट्टा उरतो. तारखा नसतील तर आपण त्याला वेगळंच पाखरू समजू.

डॉ. सलीम अलींचंही असंच झालं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ती कोण, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचा पक्षी-अभ्यास सुरू झाला. आपल्याला बंदूक नको, पेन्सिल पुरे.

आपल्या आजीच्या अंगणात कोणती पाखरं यायची, हे कुठे लिहिलेलं नाही. चिमण्या कधी कमी झाल्या, ते अनेक घरांत कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुमच्या अंगणात आज कोण येतं, ते तुमच्याइतकं कुणीच पाहत नाही. ती नोंद तुमच्याच हातून होऊ शकते.

मग उद्या सकाळी दहा मिनिटं काढा. एक चिमणी, सहा वेड्यावाकड्या आकृत्या आणि खाली तारीख. लेकीला, नातवंडांना शेजारी बसवा. आणि घरातलं कुणी “हे काय काढलंयस?” म्हणून हसलं, तर त्याला विचारा, साळुंकीचे पाय कोणत्या रंगाचे?