निकाहची कॅसेट आणि जुना व्हीसीआर

आमच्या निकाहची व्हीएचएस कॅसेट चोवीस वर्षांपासून कपाटात पडून होती. तिच्यात मरहूम अब्बांची दुआ आहे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मुलांनी दादाजानना पाहिलेलेही नाही.

स्टुडिओत दिली असती तर काम सोपे होते. पण त्याच कॅसेटवर मेहंदीच्या रात्रीचे, फक्त बायकांच्या बैठकीचे चित्रण आहे. खाला, फुफी, आपा सगळ्या मोकळ्या बसलेल्या. म्हणून तर तेव्हा कॅमेराही नात्यातल्या एका मुलीनेच धरला होता. मग आता ती दुकानातल्या परक्या मुलाच्या हाती कशी सोपवायची? घरीच व्हीसीआर आणू, असे ठरले.

नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले, तेव्हाच हा विषय संपला. आता जुन्या बाजारातच शोधावे लागते. आम्ही आधी सोयींच्या मागे लागलो: रिमोट, टायमर, चार हेड, हायफाय. हे सगळे चांगलेच. पण कॅसेट फक्त वाजवायची असेल तर टायमर कशाला? आपल्याकडे पूर्वी भाड्याने मिळायचा तो साधा व्हीसीपीही पुरतो. चार हेडचा फायदा मुख्यतः लाँग प्लेवर भरलेल्या कॅसेटला आणि थांबवलेल्या चित्राला. आपल्या आणि आखाती देशांतल्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली असेल तर मात्र एनटीएससी चालवणारे यंत्र लागते. हाताने ट्रॅकिंग जुळवता येते का, हे जरूर पाहावे.

पहिले यंत्र स्वस्त पडले. विकणारा म्हणाला, “एकदम चालू आहे.” नशीब, आम्ही आधी एका जुन्या सिनेमाची कॅसेट घालून पाहिली. यंत्राने फीत गिळली! आतले रबरी रोलर आणि पट्टे वर्षानुवर्षे पडून कडक होतात. निकाहची कॅसेट असती तर? त्या विचाराने अम्मींनी दोन दिवस कपाटाची किल्लीच दिली नाही.

दुसरे यंत्र आम्ही दुकानातच अर्धा तास चालवून घेतले. घरी कॅसेटच्या खिडकीतून फीत तपासली. दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट घातली तर हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आमची स्वच्छ निघाली, अल्हम्दुलिल्लाह. चुकून वर काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या कडेची प्लॅस्टिकची चकती मोडून टाकली.

पिवळी, पांढरी आणि लाल वायर यूएसबी कॅप्चरला, तो लॅपटॉपला. घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास लागतात. चित्र आधी थरथरले, ट्रॅकिंग फिरवल्यावर स्थिरावले आणि अब्बांचा आवाज आला. अम्मींनी डोक्यावर पदर घेतला, हात उचलले आणि प्रत्येक वाक्याला आमीन म्हणत राहिल्या.

दुआचा भाग आता मुलांच्या मोबाईलवर आहे. मेहंदीची फाईल वेगळी काढून एका पेनड्राइव्हमध्ये ठेवली. तो अम्मींच्या कपाटात, कॅसेटच्या शेजारी.