शेवटी आला, तो आधी जाईल

समजा, सूतगिरणीत तुमची वीस वर्षे झाली. एक दिवस मुकादम म्हणतो, "काका, गिरणीत काम कमी झालंय. तुमचं वयही झालं. करा इथं सही."

थांबा. आता तुम्हाला वाचता येते. आधी कागद वाचा. बहुतेक तो राजीनामा असतो.

काम कमी झाले, म्हणून माणसे कमी करायची, तर त्याला नियम आहे. एकाच तऱ्हेचे काम करणाऱ्यांत जो शेवटी लागला, तो आधी जातो. म्हाताऱ्याने आधी जावे असे कुठेच लिहिलेले नाही. हा नियम १९५३ साली कायद्यात आला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. मालकाने तो मोडला, तर कारण लिहून ठेवावे लागते. निवृत्तीचे वय भरले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

कमी केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस मिळते. शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वीस वर्षांचे झाले ३०० दिवस! राजीनामा दिलात, तर ही भरपाई मागता येत नाही.

पैसे हाती आले, की दारात कोणी येईलच. "पाच हजार भरा, घरबसल्या कमवा. आणखी चार माणसं आणा, जास्त मिळेल." अहो, काम देणारा मजुरी देतो, की मागतो? माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या असल्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. पैसे दिलेच असतील, तर पावती जपा आणि पोलीस चौकीत जा.