एका दिवसाचे १,४०९ मृत्यू?

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या करोना अहवालात ८१ नव्या मृत्यूंची नोंद झाली. त्याच दिवशी, आधी झालेले पण यादीत यायचे राहून गेलेले १,३२८ मृत्यूही त्यात मिळवले गेले. त्यांपैकी ८६२ मुंबईतले होते. राज्यातील मृत्यूंची एकूण संख्या ४,१२८ वरून एकदम ५,५३७ झाली. नुसता आलेख पाहणाऱ्याला साथ एका रात्रीत भडकल्यासारखे वाटावे, अशी ती उडी होती. प्रत्यक्षात तो जुन्या नोंदींचा ताळमेळ होता.

अशा वेळी सरासरी फसवते. सात दिवसांची सरासरी काढली, तर या एका भरतीमुळे ती रोज सुमारे १९० मृत्यूंनी फुगते आणि आठव्या दिवशी धाडकन खाली येते. म्हणजे आधी खोटी भीती आणि मग खोटा दिलासा.

वॉर्डातले साधे उदाहरण घेऊ. समजा, सात रुग्ण अतिदक्षता विभागात ३, ३, ४, ५, ५, ६ आणि ५८ दिवस राहिले. सरासरी येते १२ दिवस. पण बारा दिवसांच्या आसपास त्यांच्यातले कोणीच राहिलेले नाही. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, ५ आहे. नेहमीच्या रुग्णाचे चित्र तोच खरे दाखवतो. शेवटचा रुग्ण ५८ ऐवजी ९० दिवस राहिला, तरी मध्यक ५ च राहतो.

मग मोठा आकडा सरळ खोडून टाकावा का? नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्स या श्वसनविकाराची साथ आली. एकूण १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. बहुतेक रुग्णांपासून कोणालाच संसर्ग झाला नाही. पण सोलमधील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात एकाच रुग्णापासून ८२ जणांना लागण झाली. ही नोंद चुकीची नव्हती. साथीचा मुख्य धोका तिच्यातच होता. क्वचित घडणाऱ्या, पण फार मोठ्या घटना ज्या आकडेवारीत असतात, तिला संख्याशास्त्रात ‘हेवी टेल’, म्हणजे जड शेपटीची आकडेवारी म्हणतात.

साथीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. रोजचे आकडे सुटे नसतात; आजच्या रुग्णांमधून उद्याचे रुग्ण तयार होतात आणि वाढ बेरजेने नव्हे, गुणाकाराने होते. एखादा चुकीचा मोठा आकडा अंदाजाच्या गणितात शिरला, तर तो पुढच्या आठवड्यांच्या खाटा आणि ऑक्सिजनचा हिशेब बिघडवतो. खरा मोठा आकडा गाळला, तर तयारी अपुरी पडते.

यासाठी ‘रोबस्ट’, म्हणजे धक्का सोसणाऱ्या पद्धती वापरतात. स्विस संख्याशास्त्रज्ञ पीटर ह्युबर यांनी १९६४ मध्ये मांडलेली कल्पना सोपी आहे. नेहमीच्या पट्ट्यातील आकड्यांना पूर्ण मान द्यायचा. फार दूरच्या आकड्याला हाकलायचे नाही, पण त्याच्या प्रभावाला मर्यादा घालायची. त्यामुळे एकटा आकडा सगळा निष्कर्ष ओढून नेत नाही. मात्र तो चुकीचा आहे की खरा, हे गणित सांगत नाही. त्यासाठी नोंदवही उघडून मृत्यूची तारीख पाहावी लागते, संसर्गाची साखळी शोधावी लागते.

ते १,३२८ मृत्यूही खरेच होते. खोटा होता तो फक्त दिवस. साथीचा कल पाहताना त्यांना १६ जूनच्या खात्यात धरायचे नाही, आणि मृतांची मोजदाद करताना त्यांतला एकही सोडायचा नाही. आलेखात एखादा खांब अचानक उंच दिसला, तर घाबरण्याआधी एवढेच विचारावे: हे सगळे आजचेच आहे का?