केंडलांची थोरली

जेम्स आयव्हरींचा ‘शेक्सपियरवाला’ हा १९६५चा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मिसेस बोवेनकडे माझं लक्षच गेलं नाही. थंड हवेच्या गावात गेस्ट हाउस चालवणारी बाई, काम अगदी लहान. डोळे लागलेले होते ते फेलिसिटी केंडल आणि शशी कपूर यांच्यावर. गावोगाव शेक्सपियरचे प्रयोग करत हिंडणाऱ्या इंग्रज कुटुंबातली ती मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला इथला तरुण. मिसेस बोवेन झालेली नटी म्हणजे फेलिसिटीची थोरली बहीण जेनिफर, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. चित्रपट आला तोवर ती शशी कपूरची बायको होऊन सात वर्षं झाली होती. धाकटी पडद्यावर जे जगत होती, ते थोरलीने आधीच जगून घेतलं होतं. शिवाय केंडलांच्या खऱ्या कंपनीत वर्षानुवर्षं नायिकेची कामं करणारी हीच. कंपनीवरच्या चित्रपटात मात्र तिच्या वाट्याला चहापाण्याची व्यवस्था बघणारी बाई आली.

तेव्हापासून मी जेनिफर केंडलच्या मागावर आहे. तिने आत्मचरित्र लिहिलं नाही. तिच्याबद्दल जे हाती लागतं ते नवऱ्याच्या, बहिणीच्या, बापाच्या गोष्टीत अधूनमधून. बापाचं, म्हणजे जेफ्री केंडल यांचं, ‘द शेक्सपियरवाला’ हे १९८६चं आत्मचरित्र मला फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. पुठ्ठा सुटलेला होता, पानं शाबूत होती. चित्रपटाचंच नाव पुस्तकाला दिलेलं, आणि चित्रपटाशी लेखकाचं भांडण होतं. त्या भांडणाने मला अनेक दिवस धरून ठेवलं.

जेफ्रींचं खरं आडनाव ब्रॅग. इंग्लंडच्या वायव्येकडच्या केंडल गावात जन्मले, म्हणून रंगभूमीसाठी गावाचंच नाव घेतलं. पत्नी लॉरा लिडेल, तीही नटी. १९३४च्या फेब्रुवारीत साउथपोर्टला जेनिफर जन्मली, १९४६ मध्ये फेलिसिटी. महायुद्धात सैनिकांपुढे नाटकं करायला जेफ्री आणि लॉरा हिंदुस्थानात आले होते. युद्ध संपल्यावर, १९४७च्या उन्हाळ्यात, ते ‘शेक्सपियराना’ ही स्वतःची कंपनी घेऊन परत आले. राज्य जायला दोन-अडीच महिने उरले असताना!

आपल्याला कंपनी म्हटलं की बिऱ्हाड आठवतं. गंधर्व मंडळींचा मुक्काम, मालडब्यातले पडदे, गावोगावचे कंत्राटदार. केंडलांचं बिऱ्हाड त्या मानाने फारच आटोपशीर. मोजकी माणसं, पेट्यांत बसतील एवढे कपडे, आगगाडीचा तिसरा वर्ग. एकेका नटाने तीन-तीन भूमिका करायच्या आणि पेट्याही स्वतःच उचलायच्या. प्रयोग कुठे? शाळेच्या सभागृहात, छावणीत, संस्थानिकाच्या दरबारात, मिळेल त्या थिएटरात. आज ‘ऑथेल्लो’, उद्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, परवा शॉ किंवा गोल्डस्मिथ. फेलिसिटीला तर नऊ महिन्यांची असतानाच रंगमंचावर आणलं होतं. जेनिफरचं शिक्षणही याच चालत्या शाळेत झालं.

या कंपनीने आपल्याला दिलेल्या एका माणसाबद्दल थांबून सांगितलं पाहिजे. कोलकात्यात कॉलेजच्या मुलांचा शेक्सपियर पाहताना जेफ्रींच्या नजरेत एक पोरगा भरला. त्यांनी त्याला कंपनीत घेतलं. तो उत्पल दत्त. दोन वेगवेगळ्या दौऱ्यांत तो केंडलांबरोबर फिरला. पुढे बंगालच्या राजकीय रंगभूमीवर वादळ झालेला हा कडवा मार्क्सवादी नाटककार जेफ्रींना आयुष्यभर आपला गुरू म्हणत राहिला. आपण ‘गोलमाल’मधल्या भवानीशंकरच्या मिशांवर हसतो, त्या माणसाने शिस्त शिकली ती एका फिरस्त्या इंग्रजाकडून. ‘शेक्सपियरवाला’त महाराजाच्या भूमिकेत उत्पल दत्तच आहे.

आता ते भांडण. आयव्हरी आणि इस्माईल मर्चंट यांच्या हाती जेफ्रींची १९४७च्या दौऱ्याची दैनंदिनी आली. रूथ झाबवाला यांनी त्यावरून पटकथा रचली, संगीत सत्यजित राय यांनी दिलं. चित्रपटातली बकिंगहॅम कंपनी बुडत चालली आहे. शाळा प्रयोग कमी करतात, प्रेक्षक हिंदी सिनेमाच्या नटीसाठी धावतात. गेलेल्या साम्राज्याचं रूपक म्हणून ते सुंदर जमलंय. जेफ्री, लॉरा आणि फेलिसिटी यांनीच त्या भूमिका केल्या. म्हणजे स्वतःच्या अपयशाचा अभिनय त्यांना स्वतःलाच करावा लागला, आणि जेफ्रींच्या मते ते अपयश घडलेलंच नव्हतं.

मी जेफ्रींच्या बाजूची आहे. १९५३ ते १९५६ या साडेतीन वर्षांत या कंपनीने साडेआठशेहून जास्त प्रयोग केले. मरणाऱ्या कंपनीचा हा आकडा नव्हे. चित्रपट हळवा आहे, देखणा आहे, मला अतिशय प्रिय आहे. पण स्वातंत्र्यानंतर इथल्या लोकांना शेक्सपियर नकोसा झाला, हे त्याचं गृहीतक खोटं आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ केला, देवलांच्या ‘झुंजारराव’ने ‘ऑथेल्लो’ घरोघर नेला. त्यानंतर शेक्सपियर इंग्रजांचा कुठे राहिला होता? जेफ्रींना हे कळलं होतं. म्हणून तर राज्य जात असताना ते इकडे आले.

जेनिफर या वादात काय म्हणाली, ते कुठे नोंदलेलं मला आढळलं नाही. तिने केलं काय, ते मात्र जुहूला उभं आहे.

लग्नाची हकिगत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९५६, कोलकाता. तिथे शशीचे वडील पृथ्वीराज कपूर यांचीही कंपनी, केंडलांचीही. अठरा वर्षांचा शशी, बावीस वर्षांची जेनिफर. शशी शेक्सपियरानात नट म्हणून दाखल झाला. थोरली गेली की कंपनीचा कणाच जाणार, म्हणून जेफ्रींचा विरोध. १९५८ मध्ये लग्न झालं. कुणाल, करण, संजना ही मुलं झाली. शशी सिनेमाचा नट झाला आणि दिवसाला तीन-तीन पाळ्या करू लागला.

पृथ्वीराजांचं ‘पृथ्वी थिएटर्स’ १९४४ मध्ये सुरू झालं आणि १९६० मध्ये बंद पडलं. सोळा वर्षांत अडीच हजारांहून अधिक प्रयोग, तेही फिरतीवर. प्रयोग संपला की पृथ्वीराज झोळी पसरून दाराशी उभे राहत. कायमचं नाट्यगृह व्हावं म्हणून त्यांनी जुहूला जागा भाड्याने घेऊन ठेवली होती. १९७२ मध्ये ते गेले. शशी आणि जेनिफर यांनी त्या जागेवर थिएटर उभं केलं. वास्तुरचना वेद सेगन यांची. शशीने पैसा घातला, दैनंदिन कारभार जेनिफरने पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभागृहांत पेट्या उघडलेल्या दोन घराण्यांचं हे पहिलं स्वतःचं छप्पर.

आसनं दोनशेच्या आसपास. रंगमंच पुढे आलेला, तीन बाजूंना प्रेक्षक. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि प्रेक्षकाची जांभई नटाला दिसते. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद. मला यात शाळांच्या सभागृहांत वाढलेली मुलगी दिसते. भव्यतेचा तिला मोह नव्हता. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता पोचावा, एवढीच तिची अट असावी.

५ नोव्हेंबर १९७८ला पृथ्वी उघडलं, आणि पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी यांच्यासारखे तरुण नट. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून फेऱ्या घालू लागले. चौकशी समितीपुढे बसलेला मार्क्सवादी प्राध्यापक, चर्चाच चर्चा, गाणं नाही, नाच नाही. मराठीत डॉ. लागूंनी हे नाटक आधीच केलं होतं, आणि आपली प्रायोगिक रंगभूमी तेव्हा दादरच्या छबिलदास शाळेत बाकं सरकवून जगत होती. कपूर घराण्याच्या थिएटरचा पडदा उघडला तो त्या जातकुळीच्या नाटकाने. धंद्याचा विचार करणाऱ्याने असं नाटक निवडलं नसतं.

याच सुमाराला जेनिफर पडद्यावर खऱ्या अर्थाने आली. १९७०च्या ‘बॉम्बे टॉकी’तली तिची इंग्रज लेखिका मला कृत्रिम वाटते. दोष पटकथेचा. श्याम बेनेगलांच्या ‘जुनून’मध्ये मात्र ती मरियम झाली. १८५७, शाहजहानपूर, नवरा मारला गेलेला, पदरी वयात आलेली मुलगी, आणि त्या मुलीसाठी वेडा झालेला पठाण जावेद खान, म्हणजे खुद्द शशी. मरियम त्याच्याशी सौदा करते: दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर मुलगी तुझी, इंग्रजांनी घेतली तर आम्हाला सोड. आश्रयदात्याच्या घरात बसून अटी घालणारी ही बाई जेनिफर एकदाही आवाज न चढवता उभी करते.

आणि मग १९८१चा ‘३६ चौरंगी लेन’. अपर्णा सेन यांचं पहिलं दिग्दर्शन, निर्माता शशी कपूर. व्हायोलेट स्टोनहॅम ही कोलकात्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका. शाळेत शेक्सपियर शिकवते, मांजराचं नाव सर टोबी. भाची ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली. एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र एकांतासाठी तिचं घर वापरतात, आणि ती त्यालाच माया समजते. जेनिफर तेव्हा पंचेचाळिशीच्या थोडी पुढे, पण चालताना गुडघ्यांत वय उतरलेलं दिसतं. जिना चढताना ती ज्या तऱ्हेने थांबते, ते पाहावं. ब्रिटिश अकादमीच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात तिचं नाव आलं. पुरस्कार कॅथरीन हेपबर्नला गेला. माझं मत बदललेलं नाही.

त्यानंतर तीनच वर्षं मिळाली. ‘हीट अँड डस्ट’मध्ये आणि रायबाबूंच्या ‘घरे बाइरे’त छोट्या भूमिका, मग कर्करोग. ७ सप्टेंबर १९८४ला लंडनमध्ये ती गेली, पन्नासाव्या वर्षी. ‘हीट अँड डस्ट’मधला तिचा सहकलाकार झाकीर हुसेन पुढे अनेक वर्षं २८ फेब्रुवारीला, तिच्या वाढदिवशी, पृथ्वीत तबला वाजवत असे.

‘३६ चौरंगी लेन’ मी दर दोन-तीन वर्षांनी पाहते, ते दोन प्रसंगांसाठी. व्हायोलेट शुश्रूषागृहातल्या आजारी भावाला, एडीला, भेटायला जाते. एडीचं काम जेफ्री केंडल यांनी केलंय. बाप भाऊ झालाय आणि मुलगी त्याच्याजवळ बसलीय. दुसरा प्रसंग शेवटचा. नाताळची रात्र. केक घेऊन ती त्या जोडप्याच्या घरी जाते, आत मेजवानी चाललेली खिडकीतून पाहते, आणि आपल्याला मुद्दाम टाळलंय हे तिला उमगतं. परतताना अंधाऱ्या रस्त्यावर एक भटका कुत्रा मागे लागतो. त्या कुत्र्यापुढे ती ‘किंग लिअर’ म्हणू लागते. म्हाताऱ्या बापाचे शब्द, मुलीच्या तोंडून. जेफ्रींच्या कंपनीत शिकलेली ती स्पष्ट, सावकाश उच्चारलेली इंग्रजी, रिकाम्या मैदानात, एका प्रेक्षकासमोर.