डेटाबेस क्लाउडवर नेताना : आधी विचारा, किती वेळ बंद ठेवता येईल?

डेटाबेस क्लाउडवर न्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, टूल कोणतं? आपण तो बाजूला ठेवू आणि विचारू, अ‍ॅप्लिकेशन किती वेळ बंद ठेवता येईल? पद्धत बहुतेक तिथेच ठरते.

साधा हिशोब करू. समजा, पोस्टग्रेसमध्ये १ टेराबाइट डेटा आहे आणि लाइन १०० मेगाबिटची. ती पूर्ण वेगाने चालली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून जास्त, नुसते पाठवण्यात जातात. डम्प कॉम्प्रेस केला की आकार घटतो. त्यात इंडेक्सही नसतात, ते तयार करण्याच्या फक्त कमांड असतात. पण मग तेच इंडेक्स तिकडे नव्याने बांधावे लागतात, तो वेळ धरायला हवा. शनिवार-रविवार बंद ठेवणं चालत असेल आणि एकदा रंगीत तालीम करून हिशोब त्यात बसत असेल, तर सरळ डम्प-रिस्टोअर करा. उगाच हुशारी नको.

दहाच मिनिटं मिळणार असतील तर मात्र रेप्लिकेशन. आधी पूर्ण प्रत, मग मागोमाग होणारे बदल. दोन्हीकडे बरोबरी झाली की लिखाण थांबवायचं आणि अ‍ॅप्लिकेशन नव्या पत्त्यावर वळवायचं. पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल रेप्लिकेशन २०१७ साली, १०व्या आवृत्तीपासून आलं.

ऐकायला सोपं आहे, पण खरी मेख इथेच आहे. प्रायमरी की नसलेलं टेबल तसंच पब्लिकेशनमध्ये घातलं, तर त्यावरचे अपडेट आणि डिलीट जुन्या, चालू सर्व्हरवरच एरर देतात. म्हणजे नवं घर बांधायला गेलो आणि राहत्या घराचं पाणी तोडलं! टेबलात नवा कॉलम घातला तर तो आपोआप पलीकडे जात नाही. आणि सिक्वेन्स : १० ते १७ या आवृत्त्यांत रो पोहोचतात, पण सिक्वेन्सचा आकडा मागेच राहतो. अ‍ॅप्लिकेशन वळवल्यावर पहिलीच नवी नोंद डुप्लिकेट की म्हणून नाकारली जाऊ शकते. तो आकडा आपण हाताने पुढे सरकवायचा, तोही अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्याआधी.

ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जायचं असेल तर वेळेचा प्रश्न दुय्यम होतो. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. तिथे क्वेरी एरर न देता वेगळं उत्तर देते. असं काम स्वतंत्र प्रकल्प म्हणूनच घ्यावं. इंजिन बदलणं आणि जागा बदलणं एकाच रात्री, हे आम्हाला पटत नाही.

राहिला परतीचा रस्ता. वळवल्यानंतर नव्याकडून जुन्याकडे उलटं रेप्लिकेशन चालू ठेवलं, तर सोमवारी गडबड झाली तरी त्या दिवसाच्या नोंदींसकट मागे येता येतं.