मोटारगाडीतील संदेशवहन – लेखांक ७ : वलय तुटले कोठे?

मागील लेखांकात आपण ‘कॅन’ या दोन तारांच्या मार्गाचा विचार केला आणि त्या मार्गावरील एखादे कंट्रोल युनिट मुके झाले, तरी उरलेल्यांचे संभाषण बहुधा निर्वेध चालू राहते, हे पाहिले. इंजिन, ब्रेक, दरवाजे यांचा कारभार ज्या मार्गावरून चालतो, त्याच्या ठायी एवढी सहिष्णुता असणे अवश्यच होय. परंतु त्याच गाडीतील रेडिओ, अॅम्प्लिफायर, टेलिफोन, मार्गदर्शक नकाशा आणि डिकीतील सीडी चेंजर यांना एकत्र गुंफणाऱ्या जाळ्याकडे वळावे, तो सारीच घटना पालटलेली दिसते. येथे तारेच्या जागी प्रकाशतंतू आहे, समाईक मार्गाच्या जागी बंद वलय आहे, आणि एका घटकाचे मौन हे सर्वांचे मौन ठरते. अशा वलयातील दोष हुडकण्याची रीत हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

या जाळ्याचे नाव ‘मोस्ट’. बीएमडब्ल्यू, डेमलर-बेन्झ, हार्मन-बेकर आणि ओअॅसिस सिलिकॉन सिस्टिम्स या चौघांनी १९९८ साली एकत्र येऊन त्याचे नियम ठरविण्यासाठी एक सहकारी मंडळ स्थापन केले, आणि २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीज गाडीत हे जाळे प्रथम प्रत्यक्षात अवतरले. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीताचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. मोस्टच्या पहिल्या पिढीतही दर सेकंदास तितक्याच चौकटी वलयातून फिरू शकतात आणि प्रत्येक चौकटीत ५१२ बिट मावतात, म्हणजे सेकंदास सव्वादोन कोटींहून किंचित अधिक बिटांची वाहतूक होते. संगीताचा ओघ अखंड राहावा, त्यात मध्येच खंड किंवा कंप येऊ नये, यासाठी ही तालबद्धता योजिलेली असून, ताल धरण्याचे काम वलयातील एका प्रमुख युनिटाकडे, बहुधा हेडयुनिटाकडे, सोपविलेले असते. वाहकाच्या जागी तांब्याऐवजी सुमारे १ मिलिमीटर व्यासाचा अॅक्रिलिक प्लास्टिकचा तंतू घेण्याचे कारण असे की, प्रकाशावर इंजिनाच्या ठिणग्यांचा वा शेजारच्या विद्युत्प्रवाहाचा परिणाम होत नाही, आणि तंतूही इतर तारांत विद्युत्चुंबकीय उपद्रव माजवीत नाही.

वलयातील प्रत्येक युनिटाला प्रकाश आत घेणारे एक आणि बाहेर सोडणारे एक, अशी दोन द्वारे असतात. आत आलेल्या प्रकाशाचे विद्युत्संकेतात रूपांतर होते, आपल्यापुरता मजकूर उचलला जातो, आणि नव्याने उजळलेला प्रकाश पुढच्या युनिटाकडे रवाना होतो. पूर्वी डाकेची थैली एका चौकीवरचा हरकारा पुढच्या चौकीवरच्या हरकाऱ्याच्या हाती देई आणि मधला एक गैरहजर राहिला, तर साऱ्या मार्गावरची डाक खोळंबून पडे. त्यातलाच हा प्रकार. त्या व्यवस्थेतील एक मर्मही येथे जसेच्या तसे लागू पडते: थैली आली नाही अशी तक्रार ज्या चौकीवरून येते, तेथील हरकारा बहुधा निर्दोष असतो, आणि चौकशी करावयाची ती त्याच्या आधीच्या चौकीची व मधल्या वाटेची. वलयाच्या तपासातील अनेक चुका एवढे एक तत्त्व विसरल्यामुळे होतात.

दोषाची लक्षणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. सर्वच ध्वनियोजना एकाएकी बंद पडली, पडद्यावर चित्र आहे पण कोणत्याही उगमाचा आवाज उमटत नाही, अशी स्थिती असेल, तर वलय पूर्णपणे तुटले असल्याचा संशय घ्यावा. खाचखळग्यांतून गाडी जाताना किंवा गाडी तापल्यावर आवाज क्षणभर जाऊन पुन्हा येत असेल, तर प्रकाश पोचतो आहे पण क्षीण होऊन पोचतो आहे, असे समजावे. आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी उतरलेली आढळत असेल, तर तिसरी शक्यता ध्यानात घ्यावी: वलय प्रकाशानेच जागे होते, म्हणून एखादे युनिट वेळी-अवेळी प्रकाश सोडीत राहिले, तर ते शेजाऱ्यांनाही झोपू देत नाही. या तिन्ही प्रकारांत तपासाचा आरंभ मात्र एकच, आणि तो म्हणजे बॅटरीचा दाब व युनिटांचे फ्यूज पाहणे. कारण ज्या युनिटाला वीजच मिळत नाही, ते प्रकाश पुढे पाठवू शकत नाही, आणि मग निरोगी तंतूही रोगी भासू लागतो.

येथे एक अडचण उभी राहते. दोष वाचणारा स्कॅनर गाडीतील युनिटांशी बोलतो, तो त्यांच्या नेहमीच्या मार्गाने. परंतु तो मार्गच तुटला असता साक्षीदारांची जबानी घ्यावी कशी? वलयातून उत्तर येणार नाही, आणि उत्तर नाही म्हणून सर्वच युनिटे नादुरुस्त ठरवावीत, हे तर उघडच अन्यायाचे होईल. या अडचणीवर निर्मात्यांनी भिन्न भिन्न तजविजी केल्या. ऑडीने वलयातील प्रत्येक युनिटाला गेटवेपासून, म्हणजे गाडीतील निरनिराळ्या जाळ्यांना जोडणाऱ्या युनिटापासून, निघालेल्या एका निराळ्या विद्युत्तारेने जोडले आणि तिची रचना वलयाकार न ठेवता ताऱ्याच्या किरणांप्रमाणे ठेवली. तपासाचा हुकूम सुटताच गेटवे या तारेवरून सर्वांना एकदम इशारा देतो. प्रत्येक युनिट आपल्या बाहेरच्या द्वारातून प्रकाश सोडते, आत येणारा प्रकाश दिसतो की नाही हे पाहते, आणि त्याच तारेवरून दोन प्रश्नांची उत्तरे धाडते: आपला विद्युत्पुरवठा व अंतर्गत कार्य ठीक आहे काय, आणि आधीच्या युनिटाचा प्रकाश आपल्याला मिळतो काय.

ही उत्तरे वाचण्यातच खरे कौशल्य आहे. एखाद्या युनिटाकडून काहीच उत्तर आले नाही, तर तेथील फ्यूज, अर्थिंग, निदानाची ती तार आणि सरतेशेवटी ते युनिट, या क्रमाने पाहावे. ‘वीज ठीक, पण प्रकाश नाही’ असे उत्तर आले, तर ते उत्तर देणारे युनिटच नादुरुस्त न ठरविता, वलयाच्या दिशेने त्याच्या लगत आधी असलेल्या युनिटाचे बहिर्द्वार, मधला तंतू आणि उत्तर देणाऱ्याचे अंतर्द्वार, या तीनच ठिकाणी दोष आहे असे निश्चित धरावे. यासाठी वलयाचा अनुक्रम ठाऊक असणे अपरिहार्य असते आणि तो गाडीत कोणती उपकरणे बसविली आहेत यावर अवलंबून असतो; ज्या गाडीत टीव्ही ट्यूनर नाही, तिच्यात त्याच्या मागचे युनिट सरळ पुढच्याशी जोडलेले असते. म्हणून नकाशातील आकृती आणि त्या विशिष्ट गाडीतील वस्तुस्थिती यांची रुजुवात आधी घालावी.

बीएमडब्ल्यूने वेगळी तार न घालता दुसरी युक्ती योजिली. बॅटरी सोडवून पुन्हा जोडली की, वलयातील सर्व युनिटे एकाच वेळी प्रकाश सोडतात आणि ज्याला आत प्रकाश दिसत नाही, ते आपल्या स्मृतीत तशी नोंद करते. त्याच्या पुढची युनिटे आपण त्या स्थानापासून कितव्या क्रमांकावर आहोत, हे मोजून ठेवतात. या नोंदीवरून उलट गणना केली की, खंडित जागा सापडते.

सर्वांत अवघड ते अर्धवट दोष. साध्या चाचणीत सर्व युनिटे ‘ठीक’ म्हणतात आणि मालकाची तक्रार तर कायम असते. अशा वेळी ऑडीच्या तपासात प्रत्येक युनिटाला प्रकाशाची तीव्रता ३ डेसिबल कमी करून, म्हणजे निम्म्या शक्तीने, पाठविण्यास सांगता येते. निरोगी तंतूतून निम्मा प्रकाशही पुढे वाचता येईल इतका पोचतो. जो तंतू आधीच बराचसा प्रकाश गिळतो आहे, त्याच्या टोकाला मात्र अंधार होतो आणि लपलेला दोष उघडकीस येतो. तंतूतील प्रकाश तांबडा असल्यामुळे तो डोळ्यांना दिसतो खरा, पण निम्मा आणि पुरता यांतील अंतर डोळ्यांच्या साक्षीवर सोडता येत नाही. संशय युनिटावर असेल, तर ते काढून त्याच्या जागी दोन्ही तंतूंना सांधणारा वळसा-जोड बसवावा. बाकीचे वलय बोलू लागले, तर दोष त्या युनिटाचा, आणि तरीही मौनच राहिले, तर शोध तंतूत घ्यावा.

तंतूचे शत्रू बाह्यतः क्षुल्लक दिसतात. प्रकाश तंतूच्या भिंतींवरून पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे सरकतो; पण तंतू २५ मिलिमीटरहून लहान त्रिज्येत वाकविला की, वळणावर प्रकाश बाहेर निसटू लागतो. आसनाखाली दबलेला तंतू, ओरखडा पडलेले किंवा धूळ बसलेले टोक, पूर्ण न बसलेला कनेक्टर, डिकीत साचलेले पाणी, ही नेहमीची कारणे होत. दुरुस्तीची रीतही तांब्याहून निराळी आहे: येथे डाग देऊन वा चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही, तंतू तापवू नये, दुसऱ्या तंतूशी किंवा तारेशी पिळू नये, आणि टोक साध्या पकडीने न कापता खास कातरीने काटकोनात छाटावे. बीएमडब्ल्यूच्या गाडीत मूळ मोस्ट तंतूचे आवरण हिरवे असते आणि दुरुस्तीचा तंतू नारिंगी. म्हणून नारिंगी तुकडा दिसला की, तेथे पूर्वी कोणाचा तरी हात लागला आहे, असे समजून प्रथम तोच तपासावा.

औरंगाबादेजवळच्या कारखान्यात २००७ पासून ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या; त्या काळच्या अनेक गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. बाहेरून नवे अॅम्प्लिफायर बसवून घेताना वलयातील एखादे युनिट काढले गेले आणि त्याची जागा सांधली गेली नाही, तर सगळी ध्वनियोजना मुकी होते, हे अशा मालकांनी ध्यानात ठेवावे. वर्कशॉपमध्ये ‘हेडयुनिट गेले’ असा निवाडा ऐकविला गेला, तर वलय-चाचणीची नोंद मागावी, कोणत्या युनिटाने कोणते उत्तर दिले ते विचारावे, आणि वळसा-जोड लावून खात्री केली आहे काय, याची पृच्छा करावी. ही तीन उत्तरे मिळेपर्यंत एकही महागडे युनिट बदलण्यास संमती देऊ नये.

पुढील लेखांकात : २०१२ च्या ऑडी ए-थ्रीमध्ये आलेली मोस्टची १५० मेगाबिटांची पिढी, आणि तिच्यानंतर पिळलेल्या दोन तारांवरून गाडीत शिरलेले ईथरनेट.