फिरलेले देऊळ, न फिरलेली माणसे

संत नामदेवांसाठी औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रकारालाही तिचा मोह पडला. परंतु स्थिर चित्रात फिरणारे देऊळ दाखविता येत नाही. फार तर फिरलेले देऊळ दाखविता येते. मागच्या बाजूस टाळ घेऊन उभे असलेले नामदेव, त्यांच्याकडे वळलेले द्वार आणि थक्क झालेले पुजारी, एवढे रेखाटले की चमत्कार साधतो. मात्र त्याआधीचा क्षण, म्हणजे नामदेवांना देवासमोरून उठविले तो, सहसा चौकटीबाहेरच राहतो.

वस्तुतः कथेचे मर्म त्याच क्षणात आहे. नामदेव जातीने शिंपी. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे जन्मगाव म्हणून मानले जाते आणि औंढा तेथून फार दूर नाही. म्हणजे ज्यांना मागे धाडले, ते परमुलखातील कोणी नव्हते. त्याच मातीतले होते. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागे आहे. भाविक त्याचे कारण याच कथेत शोधतात.

महिपतीबुवांनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' रचला आणि संतकथा घरोघरी गेल्या. मात्र आपल्याकडे ही कथा सांगताना कीर्तनाच्या गर्दीची अडचण पुढे येते, जातीचा उल्लेख मागे पडतो. पंजाबात तसे झाले नाही. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी मल्हार रागातील पदात, शूद्र म्हणून आपल्याला मारून उठविले, हे गाऱ्हाणे ते देवापुढे थेट मांडतात. आपल्या संताची व्यथा परप्रांताने अधिक स्पष्टपणे जपली, हे मान्य करावयास हवे.

चमत्काराची एक सोय असते. देवाने न्याय केला म्हटले की माणसाची जबाबदारी संपल्यासारखी वाटते. नामदेवांचे समकालीन चोखोबा देवळाबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी पंढरीचे देऊळ फिरले नाही. ते दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. तेथे दगड हलले नाहीत, मने हलवावी लागली.

तेव्हा असे चित्र पाहताना फिरलेल्या दाराला हात जोडावेत; पण ते ज्यांच्यामुळे फिरावे लागले, त्यांच्यात आपण उभे नाही ना, हेही पाहावे.